चिचबोडीचं चोपन्न साल

रोज सकाळी तलावाच्या बांधावरून, पाळीवरून खाली उतरलं की कुंताबाई आधी उजवा हात मनगटापर्यंत तलावात बुडवायची आणि तशीच उकिडवी बसून राहायची. टोपली विसळणं, जाळ्याची दोरी सोडणं, नवऱ्याला हाक मारणं, सगळं त्यानंतर. हात बाहेर काढला की पाण्याविषयी एखादाच शब्द बोलायची. आज जड आहे. आज उतरलं. आज तळातलं वर आलं. तिची सासू असं करत नसे, आईही नाही. ही सवय कुठून लागली ते तिला सांगता आलं नसतं, आणि चिचबोडीत कोणी विचारलंही नव्हतं. विचारलं ते मुखरू पिलारेनं.

मुखरू आरमोरीकडच्या एका कुणब्याचा मुलगा. त्याच्या गावातून नागपूरला जाऊन एम.एस्सी. झालेला पहिलाच. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात तो नागभीडला छोट्या रेल्वेगाडीतून उतरला आणि काचेच्या बाटल्यांची दोन खोकी, एक तराजू आणि गवतात गुंडाळलेला थर्मामीटर घेऊन बैलगाडीनं चिचबोडीला आला. मालगुजारी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मालगुजाराची कचेरी ओस पडली होती. तिच्या एका खोलीत त्यानं बिऱ्हाड मांडलं. झाडीपट्टीच्या तलावांतली मरळ वर्षातून केव्हा अंडी घालते, पावसाशी आणि पाण्याच्या उष्णतेशी तिचा काय संबंध, यावर तो प्रबंध लिहिणार होता. त्यासाठी तीन पावसाळे ओळीनं पाहायचे होते. दर सोमवारी मरळी मोजायच्या, कापायच्या, पोटात काय आहे ते लिहायचं. मग विद्यापीठ त्याला डॉक्टर करणार होतं.

"मासोळ्याचा डाक्टर?" कुंताबाईचा नवरा डोमा म्हणाला. "मंग मासोळीले ताप आला तं नाडी कुठी पायता जी तुम्ही?"

"कल्ल्यात," मुखरू म्हणाला.

पाळीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. डोमाही हसला, आणि त्या हसण्यातच ठरून गेलं की मास्तरला मासळी डोमाच्या जाळ्यातून जाईल. चिचबोडीत ज्याच्याजवळ लेखणी त्याला मास्तर म्हणत.

जाळं टाकायचं पुरुषांनी, पण पाळीवर आलेल्या जाळ्यातून मासळी सोडवायची, निवडायची, टोपलीत भरायची ती बायांनी, अशी ढिवरांची रीत. म्हणून मुखरूचं काम खरं कुंताबाईशी होतं. पहिल्याच आठवड्यात तो तलावावर थर्मामीटर घेऊन आला तेव्हा ती पाण्यात हात घालून बसली होती.

"काय करून राह्यल्या बाई?"

"काई नाई. पाणी पायतो."

"काय म्हणते पाणी?"

"कालच्याहून उतरलं हाय. जरासं."

त्यानं नळी बुडवली, डोळ्याशी धरली, वहीत आदल्या दिवशीचा आकडा पाहिला. अर्ध्या अंशानं उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम तिला आधी विचारलं. मग रोजच विचारू लागला. महिनाभर ती एकदाही चुकली नाही. आपल्या नागपूरच्या सरांना त्यानं पत्रात लिहिलं की इथे एक बाई आहे, तिचा हात म्हणजे विद्यापीठाचं एक उपकरणच समजा. ते वाक्य त्यानं कुंताबाईला वाचूनही दाखवलं. उपकरण म्हणजे काय, तिनं विचारलं. "औजार," तो म्हणाला, आणि मग थोडा ओशाळला. तिला मात्र आवडलं. औजार घरात असलं तर कोणी त्याला रोज पुसून ठेवतं.

त्यानं तिला एकच नियम सांगितला होता. तोही पुन्हा पुन्हा.

"निवडाचं नाई बाई. लहान, मोठी, नर, मादी, जे जाळ्यात आलं ते तसंच टोपलीत. तुम्ही निवडून द्याल तं मले तुमची आवड समजन, तलाव नाई समजणार."

"माही काय आवड जी? मरळ ते मरळ."

पहिला पावसाळा असा गेला की पुढे त्याची आठवण काढताना कुंताबाईला ते दुसऱ्याच कोणाचं आयुष्य वाटायचं. ती सोमवारी टोपली घेऊन कचेरीत जायची. तो मरळीचं पोट चिरायचा आणि आतली पिवळी अंडी काचेच्या थाळीत काढून तिला दाखवायचा. आषाढात ती मोहरीएवढी झाली, श्रावणात पोट भरून आली, भाद्रपदात रिकामी पिशवी उरली. हे सगळं तिला ठाऊकच होतं. पण तिला ठाऊक असलेलं कोणी शाईनं लिहितं, त्याखाली रेघ मारतं आणि दूर मद्रासला पाठवतं, हे नवीन होतं. मद्रासच्या एका प्रयोगशाळेत याच मासळीवर काम करणारा एक गृहस्थ होता. तो आपले आकडे मुखरूला पाठवी, मुखरू चिचबोडीचे त्याला. दोघं मिळून एक लेख लिहिणार होते.

"त्यानं पायलं कधी तुम्हाले?" कुंताबाईनं विचारलं.

"नाई."

"आन तरी तुमच्यावर इस्वास ठेवते?"

"आकड्यावर ठेवते, बाई."

चोपन्न सालच्या ज्येष्ठात कुंताबाईच्या सुनेला, प्रेमिलाला, चौथा महिना लागला. याआधी दोनदा ती अशीच राहिली होती आणि दोन्ही वेळा घरात कोणाला नीट कळायच्या आत सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर कुंताबाईचा मुलगा इस्तारी कितीतरी दिवस जेवायला उशिरा येई आणि घरचे सगळे जेवताना एकमेकांकडे बघत नसत. यावेळी चौथा महिना सरला, तरी कुंताबाई आनंद करायला धजली नाही. फक्त तिनं बायांचा नियम धरला.

तो नियम चिचबोडीच्या ढिवर बायांचा होता आणि पुरुषांना त्याची खबर नसे. घरात कोणी दोन जिवाची असेल तर त्या घरच्या बाईनं भरल्या पोटाची मासळी मारायची नाही, विकायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. जाळ्यातून सोडवतानाच बोटांना पोट कळतं. तिथल्या तिथे ती पाण्यात सोडायची. किती सोडल्या ते मोजायचं नाही. आणि बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत हे कोणाजवळ बोलायचं नाही, नवऱ्याजवळ नाही, खुद्द पोटुशीजवळही नाही. बोललं की सोडलेलं परत मागितल्यासारखं होतं, आणि तलाव ते घरातून वसूल करतो. कुंताबाईला हे तिच्या सासूनं एकदाच सांगितलं होतं, इस्तारी झाल्यावर, सव्वा महिन्याची अंघोळ झाली त्या दिवशी. दुसऱ्यांदा सांगायची गरज पडली नाही.

त्या आषाढात कुंताबाई कचेरीत उशिरा पोचू लागली. टोपलीत नेहमीच्या विसांच्या जागी कधी पंधरा मरळी, कधी बारा. मुखरूनं विचारलं तर म्हणायची, जाळं हलकं येतं. मास्तरचा नियम तिला आठवत नव्हता असं नाही. रोज आठवायचा. पण तिच्या मनात मास्तरचा नियम कचेरीतला होता आणि दुसरा पाण्यातला, आणि मासळी कचेरीत पोचण्याआधी पाण्यातून निघते. शिवाय मरळ ती मरळ. नर दिले, रिकाम्या पोटाच्या दिल्या, तर त्या काय मरळी नव्हत्या?

मुखरू एकामागून एक पोटं चिरत गेला आणि त्याला अंडी सापडेनात. पहिल्यांदा तो गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे कुंताबाईनं आधी पाहिलं नव्हतं, जत्रेतल्या गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यासारखं. त्या वर्षी मृग कोरडा गेला होता, पाणी उशिरापर्यंत तापलेलं होतं. त्याला वाटलं, उत्तर सापडलं. पाणी ठरावीक दिवसांत उतरलं नाही तर मरळ त्या वर्षी अंडीच धरत नाही. असं कोणी याआधी लिहिलं नव्हतं. त्यानं सरांना तसं कळवलं आणि त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, चार पानांचं.

श्रावणातल्या एका सोमवारी पाऊस लागून राहिला होता. टोपलीत अकराच मरळी होत्या. मुखरूनं दोनदा मोजल्या.

"बाई, एक तरी आणा. बारा तरी होऊ द्या. सरांनी लिहिलं, बारापेक्षा कमी नोको म्हणून."

"उद्या आणतो जी."

"सोमवार आज हाय ना."

ती परत तलावावर गेली. डोमानं चिडत पुन्हा एकदा जाळं ओढलं. त्यात एकच मरळ होती, हातभर लांब, आणि बोट लावायच्या आधीच पोट दिसत होतं. कुंताबाई पावसात ती दोन हातांत धरून उभी राहिली. मरळ जीव सोडत नव्हती, मरळ तशी लवकर सोडतच नाही. "काय पायतं?" डोमा ओरडला. "घे आन चाल!" मास्तर तिकडे दारात उभा असेल, हातात वही घेऊन. वर्षभर त्यानं तिच्या हातावर विश्वास ठेवला होता. तिनं मरळ टोपलीत टाकली.

मुखरूनं ती तिच्या समोरच चिरली. अंडी थाळीभर झाली. "हे पाहा, एकच," तो म्हणाला, आणि त्या ओळीवर त्यानं लाल पेन्सिलीनं गोल काढला. कुंताबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला वाटलं, तो गोल आपल्या घराभोवती काढला.

कार्तिकात प्रेमिलाला मुलगा झाला. नवव्या दिवशी तो गेला. सकाळी दूध प्यायला आणि दुपारी गेला. गावातल्या बाया म्हणाल्या की थंडी लागली. मुखरू भेटायला आला, ओट्यावर बराच वेळ बसला. जाताना त्यानं इस्तारीच्या खांद्यावर हात ठेवला. तो भला माणूस होता आणि कुंताबाईनं मनातल्या मनातही कधी त्याला दोष दिला नाही. दोष कोणाचा ते तिला माहीत होतं.

पंचावन्नच्या पावसाळ्यात टोपलीत पुन्हा वीस मरळी येऊ लागल्या, भरल्या पोटाच्या, जशा येतील तशा. मुखरू खूश झाला. दोन वर्षं भरली, मधलं रिकामं, याहून स्वच्छ पुरावा कोणता? पुढच्या वर्षी त्यानं प्रबंध लिहून काढला, टंकून घेतला आणि बाइंडिंग केलेली प्रत चिचबोडीला आणली. पहिल्याच पानांत आभार मानले होते. सरांचे, मद्रासच्या गृहस्थांचे, आणि शेवटी "सौ. कुंताबाई डोमा मेश्राम, मु. चिचबोडी, जिल्हा चांदा, यांचे." त्यानं त्या ओळीवर तिचं बोट ठेवलं. डोमानं विचारलं, माहं नाव काऊन नाई जी, जाळं तं म्या ओढलं. सगळे हसले. कुंताबाईनं बोट काढून घेतलं आणि पदराला पुसलं.

सत्तावन्नच्या आषाढात मुखरू पुन्हा आला. सामान नव्हतं, फक्त खांद्याला पिशवी. तो कचेरीत गेला नाही, सरळ पाळीवर येऊन बसला. गाल आत गेले होते. डोमानं नेहमीप्रमाणे थट्टा केली, "काय डाक्टर, झाले का डाक्टर?" आणि मग त्याचा चेहरा पाहून हातातलं जाळं खाली ठेवलं.

"प्रबंध वापस आला," मुखरू म्हणाला.

त्यानं काडी घेऊन ओल्या मातीत तीन रेघा ओढल्या. एकेक रेघ म्हणजे एकेक पावसाळा.

"परीक्षकानं एकच गोष्ट इचारली. पंचावन्न साली तुमच्या टोपलीत दीड वितीच्या मरळी कितीक आल्या म्हणे. माह्याच वहीत लिहिल्या हायेत. दीड वितीची मरळ म्हणजे वर्षाची. म्हणजे ते चोपन्नच्या पावसात जन्मली पायजे. आन मी तं लिहून देल्लं, चोपन्नमंधी मरळीनं अंडे धरलेच नाई. मंग ह्या मासोळ्या आल्या कुठून?"

कुंताबाईला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. चिचबोडीतल्या कोणत्याही पोराला ते कळलं असतं. इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत मास्तरला कशी दिसली नाही, असं तिला वाटलं, आणि लगेच कळलं की त्याला दिसली असेल. पण तिच्या टोपलीवर त्याचा जास्त विश्वास होता.

"डोमाभाऊ, तुम्ही सांगा. त्या वर्षी अंडेवाल्या मरळी जाळ्यात होत्या का नव्हत्या?"

"मी काय पोट दाबून पायतो?" डोमा म्हणाला. "मी ओढतो. सोडवते, निवडते ते कुंता. तिले इचारा."

मुखरू तिच्याकडे वळला. त्याच्या नजरेत संशय नव्हता. तो असता तर तिला सोपं गेलं असतं.

"सर माह्या पत्राचं उत्तर देत नाई, बाई. त्यायले वाटते मी चिचबोडीले आलोच नाई, खोलीत बसून आकडे भरले. मद्रासवाल्यानं लेखातून आपलं नाव काढून घेतलं. कोणी तोंडावर काई म्हणत नाई. दिवाळीपर्यंत मुदत देल्ली. त्या साली काय झालं ते समजलं तं मी ते पान दुरुस्त करून देऊ शकतो. बाकी समदं बरोबर हाय. एकच साल. नाई समजलं तं खोटा म्हणून निघालो तिथून. घरचे म्हणतात, धानोऱ्याच्या शाळेत जागा हाय, जा."

"ते साल सोडून द्या ना जी," कुंताबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "दोन साल ठेवा."

"साल कसं सोडू? साल काय तण हाय, उपटून फेकाले?"

"सोडा म्हणतो ना मी."

"काऊन पण?"

तेवढ्यात पाळीवरून प्रेमिला आली. तिच्या डोक्यावर पेजेचं गाडगं होतं आणि एक हात कमरेला. तिला पाचवा महिना होता. चढ उतरताना ती जपून पाय टाकत होती. मुखरूनं तिला पाहिलं, सावरून बसला. "वहिनी बऱ्या हायेत ना?" त्यानं विचारलं. प्रेमिला लाजली, गाडगं खाली ठेवून निघून गेली. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यासमोरून चालत आलं होतं आणि चालत परत गेलं. कुंताबाईच्या डोळ्यांपुढे तो लाल गोल आला. एक मासळी दिली होती तर नऊच दिवस मिळाले. आता तोंडानं सगळं सांगितलं तर काय उरेल?

"मले नाई माहीत जी," ती म्हणाली. "जाळं हलकं यायचं."

मुखरूनं मातीतल्या रेघा पायानं पुसल्या. पेज घेतली नाही. पाळीच्या टोकाला जाईपर्यंत त्यानं दोनदा मागं वळून तलावाकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

त्यानंतर कुंताबाईनं महिने मोजले. प्रेमिलाचे दिवस कार्तिकात भरत होते, दिवाळीनंतर. सव्वा महिना त्याच्याही पुढे. कितीही वेळा मोजलं तरी मुदत आधी संपत होती. भादव्यात ती एकदा नागभीडच्या बाजाराला गेली आणि पोस्टाजवळ पत्रं लिहून देणाऱ्या माणसासमोर जाऊन बसली. नागपूरचा पत्ता तिनं मुखरूच्या जुन्या पाकिटावरून आणला होता. त्या माणसानं पत्ता लिहिला, लेखणी झटकली आणि विचारलं, "हं, काय लिहू बाई?" कुंताबाईनं जुन्या पाकिटाची घडी घातली, पुन्हा उघडली. मागं माणसं थांबली होती.

"लिहा," ती म्हणाली, "समदे खुशाल."

"बस?"

"बस."

कार्तिकात प्रेमिलाला मुलगी झाली. नववा दिवस गेला, बारावा गेला. तिचं नाव गिरजा ठेवलं. इस्तारी रोज संध्याकाळी लवकर घरी येऊ लागला. डोमा नातीला तळहातावर घेऊन सगळ्या पाळीवर फिरवून आणी आणि "मरळ सापडली, मरळ" म्हणून बायांना दाखवी. कुंताबाई पोरीची अंघोळ घालायची, तीट लावायची, आणि मुलगी हसायला लागली की नजर दुसरीकडे वळवायची.

सव्वा महिन्याची अंघोळ झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती धानोऱ्याला निघाली; मुदत संपली होती, मास्तर आता तिकडेच असणार. ब्रह्मपुरीपर्यंत बैलगाडी, वैनगंगेवर डोंगा, आरमोरीहून मोटार, गडचिरोलीच्या पुढे बांबूच्या ट्रकमध्ये. डोंगा चालवणारा तिच्या माहेरचा निघाला. कुठी चालली बाई, त्यानं विचारलं. एका माणसाले भेटाले, ती म्हणाली. पुढे जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन टेकलं आणि बोलण्यासारखं कोणी राहिलं नाही.

धानोऱ्याची शाळा म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. मुखरू फळ्यावर भागाकार लिहीत होता. तिला दारात पाहून त्याच्या हातातला खडू थांबला. त्यानं पोरांना पाढे लिहायला सांगितले, तिला बाहेरच्या मोहाच्या झाडाखाली बसवलं, पाणी दिलं.

"तुमचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. "समदे खुशाल. मी दोनदा वाचलं. म्हटलं, खाली काई राह्यलं असन."

मग तिनं सांगितलं. सासूनं सांगितलेला नियम, दोन जिवाची प्रेमिला, बोटांना लागणारं पोट, पाण्यात परत गेलेल्या मरळी. मध्ये थांबली नाही. मुखरू ऐकत होता. एकदा तो आत गेला, पेटीतून वही घेऊन आला, चोपन्नचं पान उघडलं, कानामागची पेन्सिल काढली.

"किती सोडल्या?"

"मोजल्या नाई. मोजाच्या नसतात."

"अंदाजे?"

"टोपलीत येत त्याच्या निम्म्या. कधी जास्त."

त्यानं कडेला काहीतरी लिहिलं. दोन ओळी, तीन. त्याचा हात भरभर चालला आणि क्षणभर तो कचेरीतला मुखरू झाला. मग त्याला आठवलं असावं की हे पान आता कोणाला पाठवायचं नाही. पेन्सिल पानावरच राहिली.

"म्हणजे तलाव बरोबर होता," तो म्हणाला.

"व्हय."

"आन तुम्हाले तेव्हा आषाढात माहीत होतं."

"व्हय."

शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता. कुंताबाईला वाटलं, तो आता ओरडेल, आणि तिला ते हवं होतं. तो ओरडला नाही. त्याचं बोट पानावरून खाली गेलं आणि लाल गोलावर थांबलं.

"हे एक?"

"ते द्याले नोको होती," ती म्हणाली. "पाऊस होता. तुम्ही बारा पायजे म्हणाले. म्हणून देल्ली. मंग कार्तिकात..."

मुखरूनं गोलाकडे पाहिलं. नऊ दिवसांच्या पोराच्या घरी तो ओट्यावर बसून आला होता, ते त्याला आठवलं असणार. मग तो म्हणाला,

"बाई, त्या दिवशी एक कमी असती तं चाललं असतं. अकरानं भागलं असतं."

त्यानं हे टोचायला म्हटलं नव्हतं. तो फक्त हिशेब सांगत होता, जसा त्यानं तिला नेहमी सगळा हिशेब सांगितला. पण कुंताबाई तिथेच मोहाच्या मुळीवर हात टेकून वाकली, आणि त्याला तिला उठवावं लागलं.

निघताना त्यानं विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"बरी हाय."

"सुखी राहो," तो म्हणाला आणि वर्गात गेला. त्यानं विद्यापीठाला त्यानंतर पत्र लिहिलं की नाही, ते चिचबोडीत कोणाला कळलं नाही. लिहिलं असतं तरी काय लिहिलं असतं? की एका ढिवर बाईच्या सुनेला दिवस होते? दोन वर्षांनी धानोऱ्याकडून आलेल्या एका माणसानं सांगितलं की पिलारे मास्तर गणित चांगलं शिकवतो, पण नदीवर पोरांबरोबर कधी जात नाही.

कुंताबाई परत आली ती पाळीवर जाईनाशी झाली. जाळ्यातून मासळी आता प्रेमिला सोडवी. घरात मासळी शिजायची तेव्हा कुंताबाई मीठ-भाकर घेऊन ओट्यावर बसे. डोमानं पहिल्यांदा थट्टा केली, मग रागावला, मग विचारणं सोडून दिलं. प्रेमिला पुन्हा दोन जिवाची राहण्याआधी तिला नियम सांगायला हवा होता; कुंताबाईनं तो दहादा मनात घोळवला आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं की सांगू नये, आणि प्रत्येक वेळी वाटलं की सांगितलंच पाहिजे. प्रेमिलाला पुन्हा दिवस गेले नाहीत, आणि सांगायची वेळ आली नाही.

एकोणसाठच्या वैशाखात तिला ताप भरला. चार दिवस उतरला नाही. गिरजा दीड वर्षाची झाली होती, आजीच्या वाकळेचं टोक ओढत असे, आणि कुंताबाई तिला ओढू देई. पाचवा दिवस तिचा शेवटचा; त्या सकाळी तिला जरा हुशारी वाटली, ती भिंतीला टेकून बसली. डोमा जाळं घेऊन निघाला होता. प्रेमिलानं चूल पेटवली आणि आतूनच विचारलं, "आत्याबाई, काय रांधू?"

"कालचं वरण हाय ना," कुंताबाई म्हणाली. "तेच ऊन कर."